थांबलेला तांडा

भाचीच्या मुलाचा चेंडू कॅरव्हॅनच्या बुडाशी घरंगळत गेला आणि तो काढायला मी गवतावर पालथा पडलो. जागा इंगोल्डमेल्स. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायरमध्ये, स्केग्नेसच्या थोडं उत्तरेला हे गाव आहे. लेस्टरला राहणारी भाची आम्हा नवरा-बायकोला चार दिवस समुद्रावर घेऊन गेली होती. कॅरव्हॅनच्या खालच्या अंगाला चहूबाजूंनी पांढऱ्या फळ्या लावलेल्या होत्या, घराच्या जोत्यासारख्या. त्यातली एक निसटली होती. आत हात घातला तर चेंडूच्या आधी रबर लागलं. मोबाईलचा उजेड टाकला. चाक होतं. पलीकडे त्याच्या जोडीचं दुसरं.

“मामा, चाकं असतातच यांना,” भाची म्हणाली. “पण ती फिरत नाहीत. म्हणून तर हिला स्टॅटिक म्हणतात.”

जे घर हलायचंच नाही त्याला चाकं काऊन? हा प्रश्न मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावी, कळंबला, सोबत घेऊन आलो. उत्तर सापडलं दोन महिन्यांनी, दिग्रसकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरच्या लग्नात. माझी सारी नोकरी दारव्हा-दिग्रस भागातल्या शाळांत गेली, त्यामुळे गोरमाटी, म्हणजे बंजारा, घरांची आमंत्रणं अजून येतात. नवरी निघायची वेळ झाली. त्या घरी ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. तरी शेजारच्या वावरातून एक बैल मागून आणला, त्याच्या पाठीवर झूल टाकली, आणि नवरी त्या पाठीवर उभी राहून रडत रडत निरोपाचं गाणं म्हणू लागली. या गाण्याला ‘हवेली’ म्हणतात. गाणं संपलं, नवरी बैलावरून उतरली आणि मोटारीत बसली. बैल मालकाकडे परत गेला.

मला तिथं इंगोल्डमेल्सचं चाक आठवलं. कॅरव्हॅन आणि तांडा, दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच: माल लादून वाटेनं चाललेला माणसांचा आणि जनावरांचा जथा. दोन्ही शब्द चालता चालता थांबले. एकाचं इंग्लंडच्या किनाऱ्यावर घर झालं, दुसऱ्याचं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गाव झालं. आणि दोघांनीही चालण्याची एक खूण जपून ठेवली, तिथं चाक आणि इथं बैल. हे मी योगायोग मानत नाही. चालणाऱ्यांचे शब्द असेच थांबतात, जगात जागोजागी थांबले आहेत, आणि त्याचे पुरावे मी गेली तीन वर्षं गोळा करतो आहे.

आधी स्टॅटिक कॅरव्हॅन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे कॅरव्हॅन म्हटलं की झोपायची सोय असलेली बस डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हाही बहुतेकांच्या मनात तीच आली. इंग्रज तिला मोटरहोम म्हणतात. त्यांची नुसती कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागं जोडून ओढायची खोली. स्टॅटिक याहून वेगळी. तीस-पस्तीस फूट लांब आणि दहा-बारा फूट रुंद असं घर कारखान्यात बांधतात, ट्रेलरवर घालून आणतात, सिमेंटच्या चौथऱ्यावर ठेवून खाली टेकू देतात, पाणी, वीज, सांडपाणी जोडतात, आणि मग ते वर्षानुवर्षं तिथंच असतं. आत दोन किंवा तीन झोपायच्या खोल्या, गॅसची शेगडी, आणि पुढच्या अंगाला मोठ्या काचांची बैठक. एकेका पार्कात अशी शेकडो घरं रांगेनं उभी असतात, प्रत्येकाचं तोंड शक्यतो समुद्राकडे.

लेकी-जावयांकडे, भाच्यांकडे इंग्लंडला जाणारे आता आपल्या भागातही पुष्कळ आहेत, म्हणून निवडीबद्दल चार शब्द. पार्क समुद्राला लागून आहे एवढ्यावर भुलू नये. आपली कॅरव्हॅन कितव्या रांगेत आहे ते नकाशावर पाहावं, नाहीतर वाळूपर्यंत पाऊण तास चालावं लागतं. क्लबहाऊसच्या शेजारची जागा पोरांना आवडते, म्हाताऱ्यांची झोप मोडते. जुलै-ऑगस्ट सोडून जायचं असेल तर दुहेरी काचा आणि सगळ्या खोल्यांत गरम हवेची सोय आहे का हे आधी विचारावं. त्या किनाऱ्यावरचा वारा आपल्या पौषातल्या पहाटेपेक्षा बोचरा असतो. चादरी-टॉवेल, गॅस आणि वीज भाड्यात धरले आहेत की वेगळे, हेही विचारावं. शाळांच्या सुट्ट्यांत भाडं खूप चढतं. शाळा सुरू असताना गेलं तर तीच जागा पुष्कळ स्वस्त पडते. आणि खरं सुख स्वयंपाकघरात आहे. हॉटेलात जे मिळत नाही ते तिथं मिळतं. सकाळी कांदेपोहे, रात्री चून-भाकर, बाहेर समुद्र. पाऊस आला तर छपरावर टिनासारखा वाजतो. आम्ही चारपैकी दोन दिवस पावसात काचेपाशी चहा पीत बसलो, आणि ते दोनच दिवस मला जास्त आठवतात.

आता चाक. त्याचं व्यवहारातलं उत्तर इंग्लंडच्या कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं घरांची टंचाई पडली आणि हजारो कुटुंबं कॅरव्हॅनमध्ये राहू लागली. १९५९ मध्ये सर आर्टन विल्सन यांचा या लोकांवरचा अहवाल आला, १९६० मध्ये कायदा झाला, आणि त्या कायद्यानं कॅरव्हॅनची व्याख्या केली: माणसांनी राहावं म्हणून बनवलेली आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येणारी रचना, मग ती ओढून हलवा की गाडीवर लादून. १९६८ च्या कायद्यानं कमाल माप घातलं, साठ फूट लांब आणि वीस फूट रुंद. इंग्लंडमध्ये २००६ साली ते वीस मीटर आणि ६.८ मीटर झालं. म्हणजे कॅरव्हॅन कधी हललीच पाहिजे असं नाही, ती हलवता आली पाहिजे. ते येईनासं झालं की ती इमारत ठरते, आणि इमारतीला इमारतीचे नियम लागतात. सुट्टीच्या पार्कातली कॅरव्हॅन कुणाचं कायमचं राहतं घर होऊ शकत नाही. म्हणून तर कित्येक पार्क हिवाळ्यात काही आठवडे बंद ठेवतात. त्या दोन चाकांवर एक अख्खा कायदा उभा आहे.

चालत्या गाडीपासून या उभ्या घरापर्यंतचे मधले टप्पे जगाला माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रोमा लोक आणि जत्रेतले खेळवाले घोड्याच्या गाडीत संसार करू लागले. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या आरमारी डॉक्टरनं ब्रिस्टलला खास गाडी बांधवून घेतली आणि नुसत्या हौसेसाठी ती दोन घोड्यांनी स्कॉटलंडपर्यंत नेली. १९०७ मध्ये कॅरव्हॅन क्लब निघाला. १९१९ पासून मोटारीला जोडायच्या कॅरव्हॅन कारखान्यात बनू लागल्या. १९३८ मध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा मिळाला आणि किनारे भरले.

खरी मौज शब्दात आहे. इंग्रजीत ‘कॅरव्हॅन’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, तेव्हा त्याचा अर्थ पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांचा काफिला. सतराव्या शतकात छप्पर असलेल्या लांब गाडीला तो लागला. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याचं डोकं छाटलं आणि ‘व्हॅन’ उरली. कळंबच्या पोरांना शाळेत सोडणारी व्हॅन म्हणजे फारसी ‘कारवान’ची शेपटी आहे. पण हा ‘कारवान’ आला कुठून? इथं तीन दावेदार आहेत, आणि माझं मन एकाच्या बाजूला आहे हे आधीच सांगतो.

पहिला दावा सोपा आणि गोड: ‘कार’ म्हणजे काम, व्यापार, आणि ‘बान’ किंवा ‘वान’ म्हणजे राखणारा. आपल्याकडे दरवान आहे, बागवान आहे, गाडीवान आहे, तसाच हा कारवान. फारसी शिकलेल्या माझ्या एका स्नेह्याचं हेच म्हणणं होतं. मी त्यांना एकच विचारलं: दरवान एक माणूस असतो, बागवान एक माणूस असतो, मग कारवान म्हणजे शेकडो माणसं आणि हजारो जनावरं कशी? हा प्रत्यय राखणाऱ्याला लागतो. राखायच्या जथ्याला तो लागल्याचं दुसरं उदाहरण ते मला देऊ शकले नाहीत. हा दावा मी बाद धरतो.

दुसरा दावा आपल्याला सुखावणारा आहे. अर्नेस्ट क्लाइन या व्युत्पत्तिकारानं फारसी शब्दाचं नातं संस्कृत ‘करभ’शी जोडलं. अमरकोशात करभ म्हणजे उंटाचं पिल्लू. मनगटापासून करंगळीपर्यंतच्या हाताच्या कडेलाही करभच म्हणतात. काफिला म्हणजे उंटांची रांग, उंट म्हणजे करभ, म्हणजे कॅरव्हॅन आमचीच! हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? मलाही वाटलं. पण इराण्यांकडे उंटाचा स्वतःचा शब्द होता आणि तो इतका घरचा होता की त्यांच्या धर्मसंस्थापकाच्या नावात बसला आहे. झरथुष्ट्र या नावातला ‘उष्ट्र’ म्हणजे उंटच. आजच्या फारसीतला ‘शुतुर’ही तोच. ज्यांच्या घरी उंट जन्माला येत होते त्यांनी आपल्या रोजच्या काफिल्यासाठी शेजाऱ्याच्या भाषेतून उंटाच्या पिल्लाचा शब्द उसना घ्यावा, हे पटत नाही. संस्कृतवर प्रेम असूनही मी करभ सोडला.

तिसरा दावा सैन्याचा. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात ‘कार’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचा अर्थ सैन्य, लोक. मध्य-फारसीत ‘कारवान’ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, तसंच चालत्या लष्कराची रांग. लिथुआनियाच्या भाषेत ‘कारास’ म्हणजे युद्ध. जर्मनमधला ‘हेर’, म्हणजे सैन्य, हाही याच कुळातला. त्या भाषेत मूळच्या ‘क’चा ‘ह’ होतो. आणि या ‘हेर’चं पुढं काय झालं ते पाहा. ‘हेर’ म्हणजे सैन्य आणि त्याला आसरा देणारी जागा, असा जोडशब्द होऊन जर्मनमध्ये ‘हेरबेर्ग’ तयार झाला. आधी सैन्याचा आसरा, मग कुणाही वाटसरूची धर्मशाळा. फ्रेंचमध्ये तो ‘ओबेर्ज’ झाला, म्हणजे खाणावळीसह उतारशाळा. इंग्रजीत ‘हार्बर’ झाला, म्हणजे गलबतांनी थांबायची जागा. इराणात जो ‘कार’ चालत राहिला, त्याचाच युरोपातला भाऊ आधीच मुक्कामाला पोचला होता!

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अशा थांबलेल्या शब्दांची आपल्याकडची उदाहरणं मला लहानपणापासून पाठ होती, फक्त कधी एका ओळीत मांडली नव्हती. ग्वाल्हेरला ‘लष्कर’ नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांची फौज किल्ल्याच्या पायथ्याशी उतरली, ती उठलीच नाही. आज त्या लष्करात कापडाची दुकानं आहेत. ‘उर्दू’ म्हणजे तुर्कीत छावणी, आणि तिचं नाव एका भाषेला मिळालं. ‘डेरा’ म्हणजे तंबू, आणि सिंधूच्या काठी डेरा इस्माइल खान, डेरा गाझी खान ही शहरं आहेत. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या वाटेवर ‘कारवान’ नावाची वस्ती आहे, जिथं एकेकाळी हिऱ्यांचे व्यापारी उतरत. आणि सिंधमध्ये आहेत टांडो आदम, टांडो अल्लाहयार, टांडो मुहम्मद खान. हा ‘टांडो’ म्हणजे आपला तांडाच. फाळणीनंतर तिकडून आलेली सिंधी कुटुंबं नागपूर-अमरावतीत आहेत. त्यातल्या काहींच्या मूळ गावाच्या नावात तांडा आहे आणि आता त्यांच्या शेजारच्या तालुक्यांतही तांडे आहेत.

मग तांडा हा शब्द कुठला? इथं माझा मोह अनावर झाला होता, तो प्रामाणिकपणे मांडतो. संस्कृतात ‘दंड’ म्हणजे काठी, शिक्षा, आणि सैन्यही. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत तो या अर्थानं सर्रास येतो. कानडीत ‘दंडु’ म्हणजे फौज. तमिळमध्ये हाच ‘तण्डु’ लिहितात. तण्डु आणि तांडा! कारवान सैन्यातून निघाला, तांडाही सैन्यातून निघाला, म्हणजे माझी कुळकथा दोन्ही टोकांनी पक्की झाली, असं मी वहीत लिहूनही टाकलं. पण हिंदीत हा शब्द ‘टाँडा’ आहे, सिंधीतही ‘ट’च आहे. दंडातल्या ‘द’पासून मराठीत ‘त’ आणि हिंदी-सिंधीत ‘ट’ व्हावा यासाठी दुसरा आधार मिळत नाही. तमिळ लिपीत ‘त’ आणि ‘द’ यांना एकच अक्षर आहे, तेवढ्या बळावर मराठी शब्दाचं कूळ ठरवता येत नाही. ती ओळ मी खोडली. शब्दाच्या वाटेनं तांडा सैन्यापर्यंत पोचत नाही.

इतिहासाच्या वाटेनं मात्र थेट पोचतो. पीटर मंडी हा इंग्रज १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात प्रवास करत असताना त्याला धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. त्यानं ‘तांडा’ हाच शब्द लिहून ठेवला. याच सुमारास मोगलांचा आसफखान दक्षिणेत उतरला, तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नाईकांचे एक लाख ऐंशी हजार बैल फौजेमागून धान्य घेऊन आले, अशी बंजाऱ्यांची परंपरा आहे; वऱ्हाडच्या पोलिसात असलेल्या कंबरलेज यानं १८८२ मध्ये बंजाऱ्यांवर पुस्तिका लिहिली आणि मोगलांच्या फौजेबरोबर आलेल्या या तांड्यांची हकिगत नोंदवली. आकडा कमी-जास्त असेल. पण १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध तर कागदोपत्री आहे. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज असईहून वऱ्हाडात आली, २९ नोव्हेंबरला अडगावला लढली, १५ डिसेंबरला तिनं गाविलगड घेतला. या सगळ्या काळात त्याच्या पत्रांत बंजाऱ्यांच्या बैलांची विचारपूस सतत येते, कारण ते बैल आले नाहीत तर शिपाई उपाशी. मराठे, मोगल, निजाम, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा तांड्याच्या पाठीवर चालल्या. कारवानच्या पोटात सैन्य आहे असं शब्द सांगतो. सैन्याच्या पोटात अन्न तांड्यानं घातलं. म्हणून मी म्हणतो, हे दोन शब्द सख्खे नसतील, पण एकाच वाटेवर वाढले आहेत.

तांडेवाल्यांच्या नावांवरही असाच वाद आहे. ‘बंजारा’ हा फारसी ‘बिरिंज’, म्हणजे तांदूळ, यावरून काढणारे इंग्रज कोशकार होऊन गेले. ‘तांदूळ आणणारा’ असा त्यांचा अर्थ. ‘वनचर’ म्हणणारेही आहेत. मला संस्कृतातलं ‘वाणिज्य’ पटतं, कारण त्याच घरात आपला वाणीही राहतो. ‘लमाण’ मात्र माझ्या मते मिठातून आला: लवण, लमाण. किनाऱ्याचं मीठ देशावर आणायचं आणि इकडचं धान्य-कापूस बाहेर न्यायचा, हा त्यांचा धंदाच होता. वऱ्हाडचा कापूस रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. ज्या गोण्यांतून तो जाई, त्या ‘गोणी’चा इंग्रजांनी ‘गनी’ केला. लमाण हे ‘लांब’वरून, लांबच लांब रांगेवरून आलं असंही काहीजण म्हणतात. रांग लांब होती हे खरं, पण मिठासाठी माणूस अनोळखी गावात ज्याची वाट पाहतो, त्याचं नाव मिठावरूनच ठेवणार.

आणि मीठच मला परत इंग्लंडला घेऊन गेलं. ज्या रोमा लोकांच्या घोडागाड्या पाहून इंग्रज हौसेनं कॅरव्हॅनमध्ये राहायला शिकले, त्यांच्या भाषेत मिठाला ‘लोन’ म्हणतात. आपलं लोण, लोणचं, बुलढाण्याचं लोणार. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, घराला ‘खेर’. १७८२-८३ मध्ये र्‍युडिगर आणि ग्रेलमान या दोन जर्मन अभ्यासकांनी ही भाषा हिंदुस्थानी कुळातली असल्याचं दाखवलं. तेव्हापासून एक सिद्धांत फिरतो: रोमा म्हणजे युरोपात गेलेले बंजारे. आमच्या भागातल्या कित्येक गोरमाटी मित्रांचा यावर ठाम विश्वास आहे. दोघेही बाहेरच्याला एका वेगळ्या शब्दानं ओळखतात, इथं ‘कोर’ आणि तिथं ‘गाजो’. बायकांचे घेरदार घागरे, आरशांचं आणि नाण्यांचं वेड, लग्नातलं रडणं, सगळं जुळतं.

ते खरं असावं असं मलाही फार वाटे. पण भाषा आडवी येते. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी कुळातली आहे. रोमांची भाषा ते कूळ घडण्याच्या कित्येक शतकं आधी निराळ्या वाटेनं निघाली, वाटेत इराणी, आर्मेनियन, ग्रीक शब्द गोळा करत गेली. आणि एक शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. त्यांचा घराचा शब्द ‘खेर’ इथला आहे, पण रस्त्याचा शब्द ‘द्रोम’ ग्रीक आहे. जे लोक जन्मजात भटके म्हणून निघतात, ते वाटेचा शब्द आपल्या गावाहून नेतात आणि घराचा दुसऱ्याकडून घेतात. इथं उलटं झालं. त्यावरून माझा अंदाज असा की रोमा इथून निघाले तेव्हा घरंदाज होते, वाटेनं त्यांना भटके केलं. आपले बंजारे नेमके उलट्या दिशेनं गेले, वाट सोडून घरात आले. म्हणून त्यांना भाऊ म्हणता येत नसलं तरी एकाच रस्त्यावर समोरासमोरून येणारे दोन काफिले म्हणता येतं.

आमचा काफिला थांबला कसा, हे थोडक्यात आहे आणि दुःखाचं आहे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. हळूहळू बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांच्या नावावरही तो शिक्का बसला. हिंडणं हाच संशय झाला. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी निघाला. तोपर्यंत तांडे ठिकठिकाणी टेकले होते, गावाच्या शिवेबाहेर, माळावर, डोंगराच्या पायथ्याशी, जिथं दुसऱ्या कुणाला जमीन नको होती. पुसद तालुक्यातलं गहुली असंच, चतुरसिंग नाईकांच्या तांड्यानं वसवलेलं. काफिल्याची वाट ठरवणारा, मुक्काम ठरवणारा तो नाईक. तांडा थांबला तरी पद राहिलं, पदाचं आडनाव झालं, आणि त्यांचे नातू वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. माझ्यापुरती चाकासारखीच ही दुसरी खूण. ज्या तांड्यावर शंभर वर्षांत कुणी चाललं नाही, तिथंही नाईक आहे, कारभारी आहे.

इंग्लंडमध्येही थांबणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. ज्या १९६८ च्या कायद्यात माझ्या सुट्टीच्या कॅरव्हॅनचं माप आहे, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात रोमा आणि इतर भटक्यांसाठी स्थानिक प्रशासनांनी मुक्कामाच्या जागा पुरवाव्यात असं बंधन होतं. मापाचं कलम, आकडे वाढून, आजही टिकून आहे. जागा पुरवायचं बंधन १९९४ मध्ये काढून टाकलं.

आता कळंबबद्दल माझा एक तर्क. आमच्या गावाचं नाव कदंबाच्या झाडावरून, हे कुणीही सांगेल. इथलं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावं लागतं. इंद्राला शापातून सोडवणाऱ्या गणपतीची कथा सगळ्या विदर्भाला माहीत आहे. पण मला त्या पायऱ्या उतरताना नेहमी पाणीच दिसतं. वऱ्हाडातून वर्ध्याकडे, पुढं नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर, दाट सावलीची झाडं आणि बारमाही पाणी असलेली जागा. बैलांचा तांडा दिवसाला पाच-सहा कोसांपलीकडे जात नसे, आणि संध्याकाळी त्याला पाणीच लागे. असा तांडा ही जागा ओलांडून पुढं गेला असेल, हे मला शक्य वाटत नाही. इथल्या कुंडावर लमाणांच्या गोण्या उतरल्या असणार. शिलालेख दाखवा म्हणाल तर माझ्याकडे नाही. बैलांची तहान आहे.

पोहरादेवीला बंजाऱ्यांचं ‘नंगारा’ संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, ही मोठी गोष्ट झाली. पण संग्रहालयात झूल ठेवता येते, वाट ठेवता येत नाही. कोणत्या घाटानं उतरायचं, कोणत्या नाल्यावर जून महिन्यातही पाणी असतं, मिठाचा तांडा कोणत्या गावी सोडायचा, ही माहिती आजोबांकडून ऐकलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. दुसरं म्हणजे, अजूनही कित्येक तांड्यांना स्वतःचं महसुली गाव म्हणून स्थान नाही. सातबारा एका गावचा, ग्रामपंचायत दुसऱ्याची. तेलंगणानं २०१८ च्या कायद्यानं मोठ्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या नावानं तांडा-वस्ती सुधारणेची योजना आहे, रस्ते आणि दिवे येतात. गाव म्हणून नाव येणं बऱ्याच ठिकाणी बाकी आहे. ते यावं.

तुमच्या ओळखीत एखादा म्हातारा नाईक असेल तर या उन्हाळ्यात त्याच्यापाशी वही घेऊन बसा. तांडा कुठून आला आणि कुठं-कुठं थांबला, एवढंच विचारा, आणि गावांची नावं त्याच्या तोंडच्या क्रमानं लिहून काढा. ज्या रेल्वेनं तांडे थांबवले, ती वर्ध्याहून चाळीसेक किलोमीटरवरच्या कळंबला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पोचली.